वही बंद ठेवून हिशेब शिकवता येत नाही

गेल्या महिन्यात भोसरीत लघुउद्योजकांच्या एका बैठकीला गेलो होतो. प्रॉडक्शन, पर्चेस, मेंटेनन्स, डिस्पॅच सांभाळणाऱ्या, वाणिज्य शाखेशी कधी संबंध न आलेल्या व्यवस्थापकांना अर्थसाक्षर करायचं का आणि कसं, असा विषय होता. अर्ध्या तासात सभागृहात दोन तट पडले. एक तट म्हणत होता, ‘मग सीए कशाला ठेवलाय? इंजिनिअरने मशिन बघावं.’ दुसरा म्हणत होता, ‘सगळ्यांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवा, ताळेबंद वाचायला शिकवा, प्रश्न मिटेल.’ टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता नाही. इतक्या महत्त्वाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून भांडत होत्या, ती म्हणजे पैशाचा निर्णय अकाउंट्सच्या केबिनमध्ये होतो.

तो तिथे होत नाही. तिथे त्याची नोंद होते. कोणता माल किती मागवायचा, गिऱ्हाइकाला तीस दिवसांची उधारी द्यायची की नव्वद, लॉट तीनशेचा लावायचा की हजाराचा, रिजेक्शनचा ढीग आज निकालात काढायचा की पुढच्या महिन्यात, हे सगळे पैशाचेच निर्णय आहेत आणि ते शॉपफ्लोअरवर, स्टोअरमध्ये, सेल्सवाल्याच्या फोनवर रोज होत असतात. ज्याच्या सहीने पैसा हलतो त्याला तो पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि कधी सुटतो हे कळायलाच हवं. पण हे ज्ञान शिबिरात मिळत नाही. स्वतःच्या खात्याचे आकडे दर आठवड्याला डोळ्यांसमोर आले तरच ते अंगात मुरतं. म्हणून ही जबाबदारी शिकणाऱ्याची जितकी आहे, त्याहून जास्त वही उघडून देणाऱ्याची आहे.

हे मी पुस्तकातून म्हणत नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझ्याकडे उत्पादन आणि खरेदी अशी दोन्ही खाती होती. आम्हाला महिन्याला दहा लाखांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, लागत. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने निरोप धाडला की सहा महिन्यांचा माल एकदम उचला आणि पैसे आगाऊ द्या, चार टक्के सवलत देतो. साठ लाखांवर चार टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार. मी व्याजाचाही हिशेब केला. माल हळूहळू खपणार, म्हणजे नेहमीपेक्षा सरासरी पंचवीस लाख सहा महिने जास्तीचे अडकणार. बँकेचा दर अकरा टक्के धरला तर व्याज एक लाख चाळीस हजारांच्या आत. कंपनीचे लाखभर रुपये वाचत होते. मी सही केली. त्या आकडेमोडीत आजही मला चूक सापडत नाही.

जी गोष्ट मी मोजलीच नाही, तिथे घात झाला. सत्तावन्न लाख साठ हजारांच्या मालावर करासकट त्या दिवशी अडुसष्ट लाखांच्या आसपास रोख द्यावी लागली. भरलेला कर पुढे वळता होणार होता, पण पैसे आज जाणार होते. आमची कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून लागेल तशी उचल घेण्याची, मर्यादा दोन कोटींची आणि त्यातले एक कोटी तीस लाख आधीच उचललेले. उरलेली जागा माझ्या एका ऑर्डरने संपवली. त्याच महिन्यात चाकणच्या एका गिऱ्हाइकाचं सव्वीस लाखांचं पेमेंट तीन आठवडे लांबलं. आमच्यासारख्या हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यात सात तारखेच्या आत पगार व्हावेत असं तेव्हाचा वेतनाचा कायदा सांगत होता. आमचे पगार अठरा तारखेला झाले. नऊ तारखेला लेथवरचा एक ऑपरेटर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मुलीच्या कॉलेजच्या फीची शेवटची तारीख दहा होती. त्याने आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, ‘साहेब, उद्या होईल का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मागे खिडकीतून नवीन कास्टिंगच्या थप्प्या दिसत होत्या.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा अकाउंट्सच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. तिथल्या काकांनी बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघा मारल्या. गोदामातला माल वाढला की बँक तेवढी जास्त उचल देईल, अशी माझी समजूत होती. काकांनी समजावलं, मंजूर मर्यादेच्या वर बँक जात नाही. मर्यादेच्या आतही ती मालाच्या किमतीतून साधारण पाव भाग मार्जिन म्हणून कापते आणि नव्वद दिवसांहून जुनी उधारी हिशेबातच धरत नाही. ‘आदल्या दिवशी विचारलं असतंत तर दोन हप्त्यांत माल उचला म्हणून सांगितलं असतं,’ ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं, कारण हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण ऑर्डरची प्रत त्यांच्या टेबलावर आली तेव्हा पैसे निघून गेले होते. सवलत मला माहीत होती, मर्यादा त्यांना माहीत होती, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेला एकही माणूस त्या इमारतीत नव्हता. पुढे पाचव्या महिन्यात गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं आणि उरलेल्या मालातला निम्मा वजनावर भंगारात गेला, तेव्हा वाचलेले लाखभरही गेले.

शिवकालीन किल्ल्यांची व्यवस्था आठवा. गडावर हवालदार, सबनीस आणि फौजेचा सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी असत, आणि त्यांच्या जोडीला कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि कोठाराचा साठा कारखानिसाकडे. ही रचना मुख्यतः फितुरी रोखण्यासाठी होती, हे खरं. एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा तिचा हेतू. पण तिचा दुसरा परिणाम मला तितकाच मोलाचा वाटतो. कोठारात किती दिवसांचं धान्य उरलंय हे ठाऊक नसताना गड किती दिवस लढवायचा हे ठरवणं तिथे शक्य नव्हतं. तलवार धरणाऱ्याने लेखणी धरायची नव्हती, पण लेखणीत काय उतरलंय हे त्याला माहीत असायचं. आज आपल्या कारखान्यांत, रुग्णालयांत, शाळांत हवालदार आणि कारखानीस वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात आणि वर्षातून एकदा ऑडिटच्या वेळी भेटतात.

आता विरोधी बाजूचं बळ मान्य करू. पहिला आक्षेप वजनदार आहे: अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक. दोन गुणोत्तरं शिकून आलेला व्यवस्थापक खर्च कापत सुटतो. हे मी पाहिलंय. चाकणच्या एका युनिटमध्ये मेंटेनन्स प्रमुखाने मार्चअखेरीला सीएनसी मशिनच्या स्पिंडलच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगची बदली पुढे ढकलली. बजेटच्या आत राहिल्याबद्दल त्याचं कौतुक झालं. मे महिन्यात स्पिंडल बसला, मशिन नऊ दिवस बंद राहिलं, दुरुस्तीला बेअरिंगच्या कितीतरी पट खर्च आला आणि गिऱ्हाइकाची लाइन थांबू नये म्हणून माल विमानाने धाडावा लागला. अर्थसाक्षरता म्हणजे हेच असेल तर ती नको, असं कुणी म्हणालं तर त्याचा राग मला समजतो.

पण या माणसाला काय दाखवलं होतं? पत्रकातली एकच ओळ, त्याच्या खात्याचा खर्च. बंद मशिनचा तासाचा दर त्याला कुणी सांगितला नव्हता. विमानाचं भाडं सेल्सच्या खात्यावर पडलं, दुरुस्ती भांडवली खर्चात गेली, आणि त्याच्या ओळीत फक्त बचत उरली. त्याने जे दिसलं त्यावर प्रामाणिकपणे निर्णय घेतला. ज्याला एकच ओळ वाचू दिली त्याने चुकीचा अर्थ लावला, तर वाचन शिकवणं चूक होतं असा निष्कर्ष कसा निघतो? त्याला उरलेलं पान द्यायला हवं होतं.

‘सीए बघून घेईल’ या युक्तिवादालाही मी हलक्यात घेत नाही. कर, कायदे, लेखामानकं हे क्षेत्र इतकं गुंतागुंतीचं आहे की तिथे तज्ज्ञच हवा. पण तज्ज्ञाच्या हातात कागद पोचतो कधी? सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं थकवू नयेत म्हणून २००६ च्या कायद्यात मुदत आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत बरीच वर्षं कागदावरच राहिली. मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात दुरुस्ती केली. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी होतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झालं. त्यात हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि माल पोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल आला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. म्हणजे कंपनीचा कर आता कोणाच्या सवयीवर अवलंबून आहे? इन्स्पेक्शन तीन आठवडे लोंबकळत ठेवणाऱ्या क्वालिटी इंजिनिअरच्या आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, महिनाअखेरीला एकगठ्ठा करणाऱ्या स्टोअरकीपरच्या. सीए कितीही हुशार असला तरी एप्रिलमध्ये बसून त्याला फेब्रुवारीतली तारीख बदलता येत नाही. आणि बिलाच्या पलीकडच्या टोकाला भोसरीतलाच दहा माणसांचा एक कारखाना असतो, ज्याचे पगार त्या बिलावर अडलेले असतात, हे आपण विसरतो.

दुसरा आक्षेप सत्यम या आयटी कंपनीतल्या घोटाळ्याचा. बैठकीत एका ज्येष्ठांनी तो मांडला आणि सभागृह शांत झालं. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र बाहेर आलं. खात्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. संचालक मंडळात नावाजलेले विद्वान होते, ऑडिट जगप्रसिद्ध संस्थेच्या भारतीय शाखेकडे होतं. जे त्यांना दिसलं नाही ते तुमच्या शिफ्ट इन्चार्जला काय दिसणार? प्रश्न रास्त आहे, आणि अर्थसाक्षर व्यवस्थापक घोटाळे पकडेल असा माझा दावाही नाही. तो पोलीस नव्हे. पण त्याच पत्रातला दुसरा आकडा पाहा. एका तिमाहीत कामकाजाचा नफा उत्पन्नाच्या २४ टक्के दाखवला होता, प्रत्यक्षात तो ३ टक्के होता. चोवीस आणि तीन! बँकेतली शिल्लक कर्मचाऱ्याला दिसत नाही, मान्य. पण प्रत्येक प्रकल्पाचा खर्च आणि बिलं तो प्रकल्प चालवणाऱ्यांना नियमितपणे माहीत असती आणि त्यांची बेरीज उघडपणे मांडायची रीत असती, तर एवढी दरी इतकी वर्षं झाकून ठेवणं तितकंच सोपं राहिलं असतं का? मला तरी वाटत नाही. सत्यमच्या उदाहरणातून मी शिकतो ते हे, की मोजके तज्ज्ञ आणि बंद दार हा सुरक्षिततेचा मार्ग नाही.

तिसरा आक्षेप मालकांचा, आणि तो बहुतेक वेळा बोलला जात नाही. आकडे बाहेर गेले तर? नफा कळला तर युनियन पगारवाढ मागेल, गिऱ्हाईक दर पाडेल, माणूस सोडून गेला तर किमती प्रतिस्पर्ध्याकडे जातील. मी मालक नाही, पण ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र कोणाचा पगार किती, मालकाने घरी काय नेलं, हे मेंटेनन्स प्रमुखाला सांगा असं कोण म्हणतंय? त्याला त्याच्या मशिनच्या बंद तासाची किंमत सांगा. खरेदीवाल्याला सांगा की गोदामात किती दिवसांचा माल पडून आहे आणि बँकेत आज किती जागा शिल्लक आहे. सेल्सवाल्याला सांगा की त्याचं कोणतं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं. एवढ्याने कोणतं गुपित फुटतं? आणि एक कटू गोष्ट सांगतो. आकडे दाखवले नाहीत म्हणून कामगारांचे अंदाज थांबत नाहीत. पार्किंगमधली नवी गाडी पाहून ते नफ्याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज खऱ्या नफ्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

या पुण्यातल्याच एका मास्तरांनी ही लढाई फार मोठ्या रिंगणात लढून दाखवली आहे. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत, गणितही शिकवत. सरकारी वित्तखात्यात ते कधी नव्हते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात, लॉर्ड कर्झनच्या समोर, त्यांनी पहिलं अर्थसंकल्पीय भाषण केलं. सरकारने सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि वित्तसदस्याचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला. देश दुष्काळातून नुकता बाहेर येत असताना तिजोरी भरते कशी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आकडे उलगडून दाखवलं की रुपयाचा विनिमय दर चढवल्यामुळे इंग्लंडात पाठवायच्या रकमेचा रुपयांतला बोजा घटला, पण तूट भरण्यासाठी वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हती, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जात असल्याची होती. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

हे गोखल्यांना कसं जमलं? बुद्धी होती, हे तर आहेच. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं सरकारी अहवाल वाचले होते. आकडेवारीत त्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी होते, आणि तेही पेशाने शाळामास्तरच. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होती: अर्थसंकल्प छापलेला होता. परक्या, दडपशाही सरकारचे आकडेही त्यांच्या हातात येत होते. ते आलेच नसते, तर गणित शिकवणारा माणूस कितीही तल्लख असून काय करणार होता? वित्ताची पदवी नसलेला माणूस मोठ्यातला मोठा हिशेब तपासू शकतो याचा पुरावा आपल्याच शहरात, टेकडीच्या पायथ्याशी आहे. त्यासाठी त्याला कागद मिळावा लागतो आणि रोज वाचावा लागतो.

शिबिरवाल्यांशी माझं भांडण इथेच आहे. दोन दिवस एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये बसवून, कुठल्यातरी परदेशी कंपनीचा ताळेबंद पडद्यावर दाखवून, करंट रेशो, डेट-इक्विटी, ईबिटडा असे शब्द अंगावर टाकले की माणूस सोमवारी परत येतो तो आणखी बुजून. त्याला पक्कं वाटतं की हे आपलं काम नाही. खरं तर त्याला पैसा कळतो. आमच्या शॉपवरचा एक सुपरवायझर वीस जणांची लिलाव भिशी चालवतो. प्रत्येकी पाच हजार, महिन्याची रक्कम एक लाख. तिसऱ्या महिन्यात कुणाला गरज पडली तर तो चौदा हजार सोडून शहाऐंशी हजारांत ती उचलतो, आणि सोडलेले चौदा हजार सगळ्यांत वाटले जातात. हा सुपरवायझर बोली लागताच तोंडी सांगतो की एवढ्यात उचलणं महाग पडेल, पतसंस्थेचं कर्ज स्वस्त आहे. आजचा रुपया आणि सतरा महिन्यांनंतरचा रुपया यांतला फरक त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला कळतो. तोच माणूस कामावर तीन महिन्यांचं टूलिंग एकदम मागवतो. कारण इथे त्याला बोली दिसत नाही. त्याला शिकवायचं ते एवढंच, की गोदामात पडलेला माल म्हणजे आधी उचललेली भिशी. येणं, देणं, खेळतं भांडवल, वसुली हे आपल्याकडचे शब्द वापरून, त्याच्याच रॅकसमोर उभं राहून हे सांगितलं तर दहा मिनिटं पुरतात.

पगाराच्या त्या प्रकरणानंतर आम्ही एक पद्धत सुरू केली. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं अकाउंट्सचे काका शॉपवर येत. खुर्च्या नसायच्या, सगळे उभे. बँकेत किती जागा आहे, या आठवड्यात कुणाचे पैसे येणार, कुणाला द्यायचे, कोणता माल किती दिवस पडून आहे, एवढं एका फळ्यावर लिहायचं. पहिले दोन महिने कुणी तोंड उघडलं नाही. माझीही निराशा व्हायला लागली होती.

मग एका सोमवारी काकांनी बोलता बोलता सांगितलं की आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची अट ‘ज्या महिन्यातलं बिल, त्या महिनाअखेरीपासून साठ दिवस’ अशी आहे. डिस्पॅचचा सुपरवायझर मागे उभा होता. अठरा वर्षं गाड्या सोडणारा माणूस. तो पुढे आला आणि म्हणाला, ‘म्हणजे एकतीस तारखेला संध्याकाळी गाडी निघाली तर पैसे एक महिना आधी? आणि मी ट्रान्स्पोर्टवाल्याच्या सोयीने ती पहाटे, एक तारखेला सोडतो.’ काका थांबले. बिल आधी निघालं की त्यावरचा करही महिनाभर आधी भरावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. फळ्यावरच वजाबाकी केली. करापोटी आधी जाणारी रक्कम धरूनही एक महिना आधी येणारे पैसे कितीतरी जास्त होते. सुपरवायझरने खिशातून पॅकिंग स्लिपचा कागद काढला, उलटा केला आणि पेन मागितलं.

‘बाकीच्या गिऱ्हाइकांच्या अटी पण सांगा,’ तो म्हणाला, ‘गेटजवळ लावून ठेवतो.’